एक केबल, चार खोल्या: शेवटच्या टीव्हीपर्यंत सिग्नल पोचवायचा तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. गच्चीवरून एकच केबल हॉलमध्ये येते. तिथे टू-वे स्प्लिटर (एका केबलचा सिग्नल दोन केबलमध्ये वाटणारा तुकडा) लावून एक टोक टीव्हीला दिलं आणि दुसरं पहिल्या बेडरूममध्ये नेलं. तिथे पुन्हा टू-वे लावून पुढची खोली, आणि तिथून आणखी एक लावून शेवटची. हॉलमध्ये चित्र स्वच्छ आहे, शेवटच्या खोलीत मात्र चित्राचे चौकोन होतात आणि आवाज तुटतो. म्हणून शेवटच्या टीव्हीच्या मागे बूस्टर लावला. अडखळणारे चॅनेल तसेच राहिले आणि नीट दिसणाऱ्यांपैकीही काही गेले. आता याहून मोठा बूस्टर घ्यावा का?

घेऊ नका. आहे तो बूस्टरही आधी काढून ठेवा. त्याची जागा चुकली आहे, आणि त्याआधी केबलची मांडणी चुकली आहे. मांडणी सुधारली की बूस्टर लागतो की नाही हेच नव्याने ठरवावं लागतं.

मात्र एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: गच्चीवर नक्की काय आहे? काड्यांचा अँटेना, डिश, की बाहेरून आलेली केबल कंपनीची लाइन? तिन्हींची तार दिसायला सारखीच असते, स्प्लिटरही सारखेच दिसतात, पण वाटणीचे नियम वेगळे आहेत. मी आधी अँटेना किंवा केबलची लाइन धरून लिहितो. तुमच्या तक्रारीवरून तेच असावं. डिशसाठी खाली वेगळं लिहिलं आहे, आणि डिश असेल तर तेच आधी वाचा.

आता हिशोब. सिग्नल डेसिबलमध्ये मोजतात, आणि त्याची सोय अशी की गुणाकार-भागाकार करावे लागत नाहीत, नुसती बेरीज-वजाबाकी पुरते. ३ डेसिबल कमी झाले म्हणजे निम्मी शक्ती उरली, १० कमी झाले म्हणजे एक दशांश, २० कमी झाले म्हणजे शंभरावा हिस्सा. टू-वे स्प्लिटर सिग्नलचे दोन सारखे भाग करतो, म्हणजे ३ डेसिबल तिथेच गेले. आतल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये थोडे आणखी जातात, म्हणून प्रत्यक्षात साडेतीन ते चार धरायचे. फोर-वेमध्ये सात ते साडेसात, एट-वेमध्ये अकराच्या आसपास. थ्री-वे घेताना त्याच्या अंगावर छापलेलं वाचा. बऱ्याच थ्री-वेमध्ये एका तोंडाला साडेतीन आणि बाकी दोघांना सात असं असतं, कारण आत एकामागे एक दोन टू-वेच बसवलेले असतात. सर्वांत लांबची खोली त्या साडेतीनच्या तोंडावर द्यायची. हे न पाहता जोडलेले थ्री-वे मी कितीतरी घरांत पाहिले आहेत.

केबलमध्येही सिग्नल जातो, आणि फ्रीक्वेन्सी जितकी वर तितका जास्त. चांगल्या आरजी-६ मध्ये, म्हणजे टीव्ही-डिशसाठी वापरतात त्या गोल केबलमध्ये, ६०० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे साधारण १५ डेसिबल जातात, १००० मेगाहर्ट्झला २० च्या आसपास आणि डिशच्या वरच्या टोकाला, २१५० मेगाहर्ट्झला, ३० च्या घरात. म्हणून लांबच्या खोलीत वरच्या फ्रीक्वेन्सीचे चॅनेल आधी मरतात आणि खालचे तग धरून राहतात. "काही चॅनेल येतात, काही येत नाहीत" या तक्रारीचं अर्धं उत्तर इथेच असतं.

तुमच्या घरात हे कसं उतरतं ते पाहा. समजा हॉलमध्ये केबल येते तिथे ६० डेसिबल-मायक्रोव्होल्ट, म्हणजे १ मिलिव्होल्ट, सिग्नल आहे. अँटेनावरून येणाऱ्या डिजिटल टीव्हीसाठी टीव्हीच्या पाठीमागे साधारण ४५ ते ७५ यांच्या मधला आकडा असावा, म्हणजे ६० ही सुरुवात चांगली आहे. पहिल्या स्प्लिटरचे ४ गेले, हॉलच्या टीव्हीला ५६ मिळाले. पुढे १० मीटर केबलचे दीड आणि दुसऱ्या स्प्लिटरचे ४ गेले, पहिल्या बेडरूमला ५०.५. पुन्हा दीड आणि ४ गेले, तिसऱ्या खोलीला ४५. तिथून आणखी १० मीटर, शेवटच्या खोलीला ४३.५. वाटेतल्या जोडांचे आणि भिंतीतल्या सॉकेटचे दोन-अडीच डेसिबल धरा, उरले ४१. हॉल आणि शेवटची खोली यांच्यात १५ डेसिबलचा फरक पडला, म्हणजे शेवटच्या टीव्हीला हॉलच्या टीव्हीच्या तुलनेत जेमतेम तिसावा हिस्सा मिळतो आहे.

हाच सिग्नल एका फोर-वेवरून वाटला तर? ६० मधून साडेसात गेले, ५२.५ उरले. हॉलला जवळपास तेवढेच. सर्वांत लांबच्या खोलीला त्याच जागेपासून स्वतंत्र ३० मीटर केबल, साडेचार डेसिबल, म्हणजे ४८. हॉलने तीन-चार डेसिबल सोडले आणि त्याला ते जाणवणारही नाहीत. शेवटच्या खोलीला मात्र चार-पाच मिळाले आणि जोड कमी झाल्यावर आणखी थोडे. बूस्टरशिवाय चारही टीव्ही चालू.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं एकच असतं: प्रत्येक खोलीची केबल एका मध्यवर्ती जागेपासून थेट, मध्ये न तोडता आणा. खोलीतून खोलीत साखळी करू नका. यात डेसिबल वाचतात हे झालंच, पण त्याहून मोठा फायदा दोष शोधताना कळतो. साखळीत पहिल्या बेडरूममधला नट ढिला झाला की पुढच्या दोन्ही खोल्या जातात आणि तुम्ही शेवटच्या टीव्हीला दोष देत बसता. थेट केबल असेल तर ज्या खोलीत अडचण, तिचीच तार तपासायची. शिवाय उद्या डिश घ्यायची ठरली तर ही मांडणी जशीच्या तशी कामी येते, साखळी मात्र उखडून टाकावी लागते.

भिंतीतून नव्या केबल ओढणं अगदीच अशक्य असेल आणि साखळीच ठेवावी लागणार असेल, तर स्प्लिटरऐवजी टॅप वापरा. टॅप हा असमान वाटणी करणारा तुकडा. पुढे जाणाऱ्या लाइनमधून तो एक-दोन डेसिबलच घेतो आणि खोलीच्या तोंडावर ठरावीक घट करून देतो, ८, १२, १६ अशी. पहिल्या खोलीला मोठ्या आकड्याचा टॅप, पुढच्यांना क्रमाने लहान, आणि शेवटच्या दोन खोल्यांसाठी साधा टू-वे. सिग्नल सगळीकडे जवळपास सारखा पडतो. इमारतींच्या उभ्या लाइनी अशाच बांधतात.

आता तुमचा बूस्टर. बूस्टर सिग्नल तयार करत नाही. त्याच्या तोंडाशी जे येतं ते तो मोठं करतो, सिग्नलबरोबर गोंगाटही, आणि स्वतःचा थोडा गोंगाट वर घालतो. टीव्हीला चित्र मिळतं ते सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे यावर, नुसत्या मोठेपणावर नाही. बूस्टरच्या आधी केबल आणि स्प्लिटरमध्ये १५ डेसिबल गेले असतील तर सिग्नल गोंगाटाच्या तेवढा जवळ आलेला असतो, आणि ते अंतर पुढे कितीही मोठं केलं तरी परत मिळत नाही. त्याच बूस्टरला घट होण्याआधी, म्हणजे अँटेनापाशी खांबावर किंवा निदान मुख्य स्प्लिटरच्या आधी बसवलं, तर तो ताजा सिग्नल मोठा करतो आणि पुढची घट त्या वाढीतून भरून निघते. मी वर मांडलेल्या हिशोबात ६० ला १५ डेसिबलची वाढ फोर-वेच्या आधी दिली, तर लांबच्या खोलीत ६३ पोचतात. यंत्र तेच, जागा वेगळी, फरक सगळा.

मग चांगले चॅनेल का गेले? बूस्टरला एक कमाल मर्यादा असते. तुमच्या भागात जवळच्या टॉवरचे एक-दोन चॅनेल खूप जोरात आणि बाकीचे हळू येत असतील, तर जोरातल्यांनी बूस्टर आधीच भरतो. ती मर्यादा ओलांडली की तो सगळ्या चॅनेलचं एकमेकांत मिश्रण करतो आणि नकली सिग्नल तयार होतात. ते चांगल्या चॅनेलच्या जागी जाऊन बसतात. शेजारच्या मोबाइल टॉवरचाही असाच त्रास होतो, कारण ७०० आणि ८०० मेगाहर्ट्झचे मोबाइल पट्टे टीव्हीच्या पट्ट्याला अगदी चिकटून आहेत. त्यासाठी बूस्टरच्या आधी मोबाइल फिल्टर लावायचा. बूस्टरच्या नंतर लावलेल्या फिल्टरचा उपयोग नाही, कारण बिघाड आतच झालेला असतो. आणि बूस्टर घ्याल तेव्हा वाढ कमी-जास्त करायचा स्क्रू असलेला घ्या. स्क्रू सगळ्यात कमीवर ठेवून सुरू करा आणि सगळ्यात कमजोर चॅनेल स्थिर होईपर्यंतच वाढवा. पूर्ण फिरवून ठेवलेला बूस्टर ही मला सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक आहे.

खांबावरच्या बूस्टरला वीज त्याच केबलमधून जाते, घरातल्या छोट्या अडॅप्टरवरून. मध्ये स्प्लिटर असेल तर त्याच्या ज्या तोंडावर वीज आत जाऊ देण्याची खूण आहे तिथेच अडॅप्टर जोडायचा. ही खूण न पाहता जोडलं की बूस्टर बंद राहतो, आणि बंद बूस्टर सिग्नल नुसता अडवतो. लोकांना वाटतं बूस्टर खराब निघाला.

केबल कंपनीच्या लाइनवर इंटरनेटचा मोडेम असेल तर आणखी एक काळजी. मोडेम ५ ते ६५ मेगाहर्ट्झच्या आसपास उलट दिशेने, घरातून बाहेर, बोलत असतो. परतीची वाट नसलेला बूस्टर मध्ये आला की टीव्ही सुधारतो आणि इंटरनेट मरतं. अशा घरात लाइन आत आली की पहिल्यांदा एक टू-वे, त्याचं एक तोंड थेट मोडेमला, दुसरं टीव्हीच्या वाटणीला, आणि बूस्टर लागलाच तर या दुसऱ्या फांदीवर. प्रत्येक टीव्हीला स्वतःचा अधिकृत बॉक्स लागतो हेही लक्षात ठेवा. स्प्लिटर सिग्नल वाटतो, सशुल्क चॅनेल पाहण्याची परवानगी वाटत नाही.

सगळं बरोबर मांडलं तरी जोड वाईट असतील तर कष्ट वाया जातात. माझ्या अनुभवात घरातले निम्म्याहून जास्त दोष तारेच्या टोकाच्या शेवटच्या दोन सेंटीमीटरमध्ये सापडतात. आरजी-६ सोलल्यावर बाहेरून आत असा क्रम दिसतो: काळं किंवा पांढरं आवरण, तारांची जाळी, चकचकीत फॉइल, पांढरा फोम आणि मधली साधारण १ मिलिमीटर जाडीची तार. सोलताना जाळी मागे, आवरणावर दुमडायची. फोमवर चिकटलेलं फॉइल तसंच ठेवायचं. मग कनेक्टर असा ढकलायचा की त्याची आतली नळी फॉइल आणि जाळीच्या मध्ये शिरेल आणि पांढरा फोम आतल्या तळाशी सपाट येऊन टेकेल. फोम मागे राहिला तर जोड पोकळ होतो, पुढे आला तर नट नीट बसत नाही. मधली तार नटच्या कडेबाहेर एक-दोन मिलिमीटर दिसली पाहिजे. आता कनेक्टर उजेडाकडे धरा आणि आत बघा. केसाएवढी जाळीची एक तार जरी मधल्या तारेला टेकली असेल तरी शॉर्ट झाला. डिश असेल तर तिची वीजच बंद पडते, अँटेना असेल तर सिग्नल जवळजवळ संपतो. या एका केसाने माझे दोन-दोन तास घेतले आहेत, म्हणून आता प्रत्येक टोक मी दाबण्याआधी आणि दाबल्यानंतर असं दोनदा बघतो.

पिळून बसवायचे कनेक्टर हातात घट्ट वाटतात, पण तार जराशी ओढली गेली की सैल होतात. दाबून बसवायचे, कॉम्प्रेशन प्रकारचे कनेक्टर आणि त्यांचं पक्कड एकदाच घ्या. केबल निवडताना जाळी किती दाट आहे ते पाहा. विरळ जाळीतून बाहेरचा मोबाइल सिग्नल आत शिरतो. मधली तार शुद्ध तांब्याची की तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची, यावरून वाद होतात. उंच फ्रीक्वेन्सीचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो, त्यामुळे सिग्नलला मुलामा पुरतो. पण डिशला किंवा खांबावरच्या बूस्टरला वीज त्याच तारेतून जायची असेल आणि अंतर लांब असेल, तर पोलादात व्होल्टेज पडतं. तिथे तांबंच हवं.

केबल भिंतीच्या कोपऱ्यात काटकोनात दाबू नका. व्यासाच्या दहापट त्रिज्येचं वळण द्या, म्हणजे आरजी-६ साठी सुमारे ७ सेंटीमीटर. स्टेपल ठोकून चपटी झालेली केबल वरून धड दिसते, पण चपट्या जागी सिग्नल सलग पुढे जाण्यासाठी लागणारा तिचा ७५ ओहमचा गुण बिघडतो आणि सिग्नल तिथून मागे परततो.

मागे परतणाऱ्या सिग्नलचा एक प्रसंग सांगतो, कारण तो डोळ्यांसमोरून जात नाही. एका घरात सगळ्या टीव्हींवर चॅनेलचा एकच गट गायब होता, बाकी सगळं उत्तम. डिजिटलमध्ये एका फ्रीक्वेन्सीवर अनेक चॅनेल एकत्र येतात, म्हणून गटच्या गट जातो. अँटेना फिरवून झाला, बूस्टर बदलून झाला. शेवटी कपाटामागची गोल पेटी उघडली. आत कुणीतरी स्प्लिटर न लावता तीन तारा एकत्र पिळून टेप गुंडाळला होता. तिसरी तार एका बंद खोलीकडे जायची, ती नंतर कापून टाकली होती, आणि पेटीत तिचं दहा-एक सेंटीमीटरचं शेपूट लोंबत होतं. केबलमध्ये सिग्नलचा वेग हवेपेक्षा कमी असतो. ६०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी तिथे ४१ सेंटीमीटरच्या आसपास भरते आणि तिचा चौथा हिस्सा म्हणजे दहा सेंटीमीटर. तेवढ्या लांबीचं उघडं शेपूट त्या फ्रीक्वेन्सीला शॉर्टसारखं वागतं. नेमका तोच गट मेला होता. पिळलेला जोड काढला, दोन कनेक्टर आणि त्यांना जोडणारा एक बॅरल लावला, गट परत आला. तेव्हापासून कुठल्याही घरात मी आधी पेट्या उघडतो, मगच गच्चीवर चढतो. स्प्लिटरच्या रिकाम्या तोंडांना ७५ ओहमच्या टोप्या लावायच्या त्याही याच कारणासाठी. स्प्लिटरमध्ये तोंडं एकमेकांपासून बरीच वेगळी ठेवलेली असतात, त्यामुळे परिणाम एवढा भीषण नसतो, पण टोपी लावायला एक मिनिट लागतं आणि शंका मिटते.

आता डिश. इथे साधा स्प्लिटर लावून दोन बॉक्स चालवायचा प्रयत्न बहुतेक सगळे करतात आणि बहुतेक सगळे फसतात. डिशच्या तोंडाशी असलेला एलएनबी एका वेळी आकाशातल्या सिग्नलचा एकच भाग खाली पाठवतो. कोणता, हे बॉक्स सांगतो: १३ व्होल्ट दिले तर उभं ध्रुवीकरण, १८ दिले तर आडवं. युनिव्हर्सल एलएनबीमध्ये त्यावर २२ किलोहर्ट्झचा सूर असेल तर वरचा पट्टा, नसेल तर खालचा. असे चार भाग. दोन बॉक्स एका स्प्लिटरवर आले आणि एकाला १३ हवे, दुसऱ्याला १८, तर १८ जिंकतात आणि पहिल्याचं चित्र जातं. खूण ओळखायला सोपी आहे: एका खोलीत चॅनेल बदलला की दुसऱ्या खोलीतलं चित्र जातं, आणि पहिला बॉक्स प्लगमधून काढला की दुसऱ्याला सगळं दिसायला लागतं. असं होत असेल तर बूस्टर, केबल, डिशची दिशा, कशालाही हात लावू नका. वाटणीची पद्धतच बदलावी लागेल.

दोन ते आठ बॉक्ससाठी सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे तेवढ्या तोंडांचा एलएनबी: ट्विन, क्वाड किंवा ऑक्टो. प्रत्येक तोंड स्वतंत्र, प्रत्येक खोलीला स्वतंत्र केबल. एलएनबी स्वतःच सिग्नल ५० डेसिबलहून जास्त मोठा करतो, त्यामुळे घरगुती ३०-४० मीटरपर्यंत वेगळा बूस्टर सहसा लागत नाही. खोल्या जास्त असतील तर मल्टिस्विच. त्याला क्वाट्रो एलएनबी लागतो, क्वाड नव्हे. नावं सारखी वाटतात, काम वेगळं आहे. क्वाट्रोची चार तोंडं चार ठरलेले भाग सतत देत असतात आणि मल्टिस्विच प्रत्येक बॉक्सच्या मागणीप्रमाणे त्यांतला एक त्याच्याकडे वळवतो. क्वाट्रो थेट बॉक्सला जोडला तर एक चतुर्थांश चॅनेलच दिसतात.

आणि भिंतीतून एकच केबल जाऊ शकते, दुसरी ओढता येतच नाही, अशा घरांसाठी युनिकेबल आहे. यात एलएनबी किंवा स्विच प्रत्येक बॉक्सला एक ठरावीक फ्रीक्वेन्सी देतो आणि त्याने मागितलेला चॅनेल त्या जागी आणून ठेवतो. जुन्या पद्धतीत एका केबलवर ८ ट्यूनर, नव्या पद्धतीत ३२ पर्यंत. इथे स्प्लिटर चालतो, पण वीज आणि आज्ञा दोन्ही बाजूंनी जाऊ देणारा, आणि ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ पेलणारा. बॉक्सला ही पद्धत समजते का ते आधी सेवा देणाऱ्याकडून खात्री करून घ्या, आणि दोन बॉक्सना चुकून एकच फ्रीक्वेन्सी देऊ नका.

काही घरांत खरी गरज एवढी नसतेच. एकच बॉक्स आहे आणि तेच चित्र दुसऱ्या खोलीतही हवं, इतकंच. तिथे कोॲक्सचा, म्हणजे या टीव्हीच्या गोल केबलचा, विचार सोडा आणि बॉक्सच्या पुढे एचडीएमआय वाटा. जवळच्या टीव्हीला साधी केबल, पण फोर-के असेल तर पाच-सात मीटरच्या पुढे साध्या तांब्याच्या केबलवर भरवसा ठेवू नका. लांबच्या टीव्हीसाठी कॅट-६ या नेटवर्कच्या तारेवरून एचडीएमआयचं चित्र नेणारी एचडीबेसटी ही पद्धत टिकाऊ पर्याय आहे, फुल एचडी १०० मीटरपर्यंत जातं. तार नेटवर्कची असली तरी तिच्यातला सिग्नल नेटवर्कचा नसतो, म्हणून ती मध्ये राउटर किंवा स्विचला जोडू नका, पाठवणाऱ्या डबीपासून घेणाऱ्या डबीपर्यंत थेट न्या. एका खोलीत फोर-के टीव्ही आणि दुसरीकडे जुना असेल, तर बरेच स्प्लिटर दोघांनाही झेपेल तेवढंच चित्र पाठवतात आणि चांगल्या टीव्हीवरही दर्जा उतरतो. सगळीकडे एकच चॅनेल दिसणार हे घरात आधी बोलून घ्या. रिमोटसाठी दुसऱ्या खोलीतून इन्फ्रारेड परत आणणारा छोटा डोळा लागतो, तो बऱ्याच संचांबरोबर येतो.

नेटवर्कवरून टीव्ही वाटायचा मार्गही आता चांगला झाला आहे. अँटेना किंवा डिश एका नेटवर्क ट्यूनरला जोडायची आणि खोल्यांना नेटवर्कची तार द्यायची. डिशसाठी सॅट-आयपी ही पद्धत २०१२ मध्ये याचसाठी आली. उघड्या, कुलूप न लावलेल्या चॅनेलसाठी हे छान चालतं. वायफायवर मात्र जपून. एकच प्रवाह अनेकांना पाठवताना वायफाय राउटर बहुधा सर्वांत हळू वेगाने बोलतो, त्यामुळे वेग भरपूर दाखवत असूनही चित्र अडकतं. टीव्ही जागचा हलत नाही, त्याला तारच द्या. आणि घरात आधीच कोॲक्स आहे म्हणून तिच्यावरून इंटरनेट नेणाऱ्या मोका डब्या वापरणार असाल, तर त्या बहुधा ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झमध्ये बोलतात. तोच पट्टा डिशचा आहे, म्हणून डिशच्या केबलवर त्या लावू नका.

सुरक्षेबद्दल हे वाचूनच गच्चीवर जा. अँटेनाचा खांब आणि केबलची जाळी घराच्या मुख्य अर्थिंगला जाड तारेने जोडलेली हवी, वेगळ्या खड्ड्याला नाही. दोन वेगळ्या अर्थिंगमध्ये वीज पडताना जो फरक तयार होतो तो टीव्हींमधून वाट काढतो. स्प्लिटर उघडताना नटला हात लागून झिणझिण्या आल्या तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. दोन पिनचे टीव्ही आणि बॉक्स आपल्या पॉवर सप्लायमधून जाळीवर किंचित गळती सोडतात आणि एका स्प्लिटरवर चार यंत्रं आली की ती बेरीज जाणवते. स्प्लिटरचा पत्रा अर्थ केला की ती जाते. तरीही गेली नाही, किंवा झटका जोराचा असेल, तर एखाद्या यंत्रात खरा दोष आहे. सगळे प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला दाखवा. कोॲक्स जोडताना मी नेहमीच सगळे प्लग काढून मग हात लावतो.

तर आता तुम्ही काय करायचं. बूस्टर काढा. शेवटच्या खोलीतला टीव्ही उचलून हॉलमध्ये आणा आणि गच्चीवरून आलेल्या केबलला थेट लावा, मध्ये काहीही नको. टीव्हीच्या मेनूत सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता असे दोन आकडे दिसतात, ते तीन-चार वेगवेगळ्या चॅनेलवर लिहून घ्या. ताकद कमी पण गुणवत्ता पूर्ण असेल तर चिंता नाही. ताकद भरपूर आणि गुणवत्ता कमी असेल तर जोर जास्त झाला आहे किंवा कुठे जोड खराब आहे. थेट जोडूनही गुणवत्ता डळमळत असेल तर दोष गच्चीवर आहे, खोल्यांत कितीही काम केलं तरी तो जाणार नाही. गच्चीवर अँटेनाचा जोड उघडून पाहा. तांबं हिरवट झालं असेल किंवा जाळी काळी पडली असेल तर पाणी आत शिरलं आहे. फक्त टोक कापून भागत नाही, जाळीतून पाणी मीटरभर आत जातं, चकचकीत तार लागेपर्यंत कापत जा किंवा केबलच बदला. नवी लावताना घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, आत वाहणार नाही.

हॉलमध्ये थेट जोडून सगळं स्थिर असेल तर तिथेच एक फोर-वे बसवा आणि तिन्ही खोल्यांच्या केबल स्वतंत्र आणा. जुनी केबल पाइपमधून ओढून काढताना तिच्याच शेपटाला नवी केबल आणि एक मजबूत दोरी बांधा, दोरी पाइपमध्ये राहू द्या. जमत असेल तर त्याच खेपेला प्रत्येक खोलीत कोॲक्सच्या जोडीने एक कॅट-६ ही टाका. केबल बॉक्समध्ये घालण्याआधी दोन्ही टोकांना खोलीचं नाव लिहिलेली पट्टी चिकटवा, पेनने नाही, न पुसणाऱ्या मार्करने. मग पुन्हा चारही खोल्यांतले आकडे लिहून घ्या. लांबच्या खोलीत तेव्हाही गुणवत्ता खाली येत असेल, तर मुख्य स्प्लिटरच्या आधी, खांबावर, कमी वाढीचा बूस्टर लावायची वेळ आली आहे.